आठवा खलाशी

हिराजी चोगले, आमचे चेअरमन,
बर्फाच्या फॅक्टरीच्या दारातूनच ओरडतात,
"रिपोट कवा मिलल? सोमवारी सायब येनार!"
आणि मी तीन दिवस दापोलीहून पहिल्या एसटीने येऊन
हर्णैच्या या मच्छीमार सोसायटीत
पाठकोऱ्या कागदांवर चौकोन काढतेय.
कॉम्प्युटर बंदच. त्याच्यावर कुणाचातरी
वाळत घातलेला टॉवेल.

जुनी फाईल म्हणजे एकच लांबलचक पत्रक.
एक ओळ, एक फेरी:
बोट, मालक, मालकाचा फोन, तांडेल, डिझेल, बर्फ,
म्हाकूल किती, बांगडा किती, लिलावात काय सुटलं,
आणि मग खलाशी एक, खलाशी दोन,
असं करत खलाशी सात.
मालकाने फोन बदलला तेव्हा
दोनशे चौदा ओळींत बदलायचा होता.
एकशे नव्वदांत बदलला.
चोवीस फेऱ्या अजून
कुठल्यातरी बंद नंबरावर वाजतायत.

'दर्यादौलत' नावाच्या बोटी तीन.
फाईलला वाटतं, एकच आहे,
आणि ती एकाच रात्री दाभोळच्या तोंडाशी,
जयगडच्या पुढे,
आणि इथे वाळूत आडवी, बुडाला रंग देताना.

म्हणून बोटीला नंबर. माणसाला नंबर. फेरीला नंबर.
फोन मालकाच्या घरी, एकदाच.
भाव लिलावाच्या घरी.
कोणी कोणाच्या ओटीवर पसारा मांडायचा नाही.

"पण सातच का, केळसकर?"
जुने क्लार्क चष्मा पुसतात.
"कागद आडवा तेवढाच होता."
"आणि आठ जण गेले तर?"
"आठवा शेऱ्यात लिहायचो. जागा उरली तर."

मग मी सगळे शेरे वाचले.
जाळं फाटलं. इंजिन गरम.
बहादूर पण होता.
बहादूर, ताप.
बहादूर.
एका वर्षात चार बोटींवर.
एकच माणूस का चौघे?
फाईल सांगत नाही.

खिडकीखाली इस्माईलचाचा जाळ्यावरून भांडतोय,
गिऱ्हाईकाला आता आस मोठा हवाय.
"विणून झाल्यावर सांगतोस?
आता हे पाण्यात काय धरायचं ते धरेल,
तू वरनं कितीही ओरड."
मी टॉवेल उचलला. परत ठेवला.

कागदावर माणसं एकीकडे, फेऱ्या एकीकडे.
मधे एक अरुंद चौकोन काढला.
त्यात मासे नाहीत, पैसे नाहीत, दोनच आकडे:
हा माणूस, ती फेरी.
एवढीच गाठ.
पहिल्याला एक ओळ, आठव्यालाही तेवढीच.
अकरा गेले तर अकरा ओळी. कागद आडवा पुरायची भानगड नाही.

संध्याकाळी लिलावाच्या गलक्यात,
बैलगाड्यांच्या चाकांमधून वाट काढत
वही घेऊन विचारत फिरले.
दिलबहादूर भेटला, डोटीचा.
खडकबहादूर भेटला.
तिसरा गेल्या साली मालप्याला गेला म्हणाले.
चौथ्याचं विचारलं तेव्हा तांडेल
बर्फवाल्याशी भाव करायला लागला.
दोनदा विचारलं. दोनदा बर्फच.

नाव: बहादूर. आडनाव: रिकामं. गाव: रिकामं.
त्यालाही नंबर दिला, एक्क्याऐंशी.

साहेब आले सोमवारी.
त्यांना फक्त डिझेलची बेरीज हवी होती.
चहा निवायच्या आत निघाली.
हिराजी शेठ म्हणाले, "एवढंच व्हतं
तं चार दिस चौकोन कशापायी?"
मी हसले. काय सांगणार.

साहेबांची गाडी गेल्यावर
दिलबहादूर दाराशी आला, ओल्या पायांनी,
आत यावं की नाही म्हणून उंबऱ्यावरच.
"मॅडम, मेरा कितना फेरी हुआ?"
हे कोणी विचारेल असं
मी धरलंच नव्हतं.
तरी विचारून पाहिलं. एकसष्ट.

त्याने बोटांवर मोजलं, पेरापेरांनी,
ओठ हलवत, बराच वेळ.
"त्रेसठ," म्हणाला.

केळसकरांनी खुर्ची पुढे सरकवली,
आणि आम्ही तिघं शेऱ्यांची वही
पहिल्या पानापासून उघडून बसलो.