दिवसाला बाराशे

क्वुन टाँगच्या जुन्या कारखान्यात, अकराव्या मजल्यावर,
जिथे आता महिन्याच्या भाड्याने खोल्या मिळतात,
यिक-हेई कोऱ्या व्हिनाइल अस्वलांना
एकेक करून बिघडवतो.
एकाचा कान वितळवलेला. एकाच्या पोटावर
त्याची स्वतःची सही, तीच जी त्याने पुलाखाली फवारली
आणि पालिकेने सकाळी करड्या रंगाखाली दडपली.
करडा नेमका जुळत नाही,
म्हणून सही अजून कळते.

मालाची लिफ्ट चालवणारी फुंगबाई
हातात डबा घेऊन दारात थांबली.
म्हणाली, याला डोळे नाहीत.
मुद्दाम, तो म्हणाला.
मुद्दाम कसलं, राहून गेलेत.

याच मजल्यावर, खिडकीकडून तिसऱ्या बाकावर,
तिने सात वर्षं बाहुल्यांचे डोळे रंगवले.
दिवसाला बाराशे जोड्या. डावा आधी.
बुबुळ, मग वर उजेडाचा ठिपका;
ठिपका हलला तर बाहुली रडवी,
आणि पैसे कापले.

त्याने ब्रश पुढे केला. वाटलं, काहीतरी गंमत करेल.
तिने चष्मा कपाळावर सारला, श्वास धरला,
झालं.
पुढचं अस्वल घ्यायला हात
आपोआप उजवीकडे गेला.
तिथे काहीच नव्हतं.

लिफ्टची घंटा वाजत होती, खाली कुणीतरी
कागदाचे गठ्ठे घेऊन ताटकळलेलं.
ती गेल्यावर यिक-हेईने
किमतीची चिठ्ठी खरवडून काढली.

उजवा ठिपका जरासा हललाय.
पैसे कापणारं आता कुणी नाही.