साडेसहाशे वॅट

नायाडेतने यादी केलीय वीजबिलाच्या पाठीवर,
माझ्याच चपट्या पेन्सिलीने,
जिने मी लोकांच्या भिंतींवर वायरींच्या वाटा आखतो.
प्रोसेसर. मदरबोर्ड. रॅम : सोळा.
सोळावर काट, बत्तीस. बत्तीसवर काट, पुन्हा सोळा.
ग्राफिक्स कार्डापुढे नुसतं प्रश्नचिन्ह,
इतकं गिरवलेलं की कागद फाटलाय.

दोन हंगाम तिने शनिवार-रविवार खेकडे सोलले.
जुलैत कारखाना उघडतो, किलोमागे पैसे.
बोटांची टोकं अजून खरखरीत आहेत.
म्हणून मी हसत नाही,
ती म्हणते, ‘हा पंखा फक्त एकवीस डेसिबलचा,’
आणि बाहेर वारा आमचं छप्पर उचकटत असतो.
पुंता अरेनासमध्ये चौकाचौकांत दोर बांधतात,
माणसं उडून जाऊ नयेत म्हणून.
‘इथे पंखा विकत घ्यायचा?’ एवढंच विचारतो.
‘आत ऐंशी अंश होतात, बाबा.’
बरं.

प्रोसेसर आणि कार्ड जोडीचे हवेत, ती समजावते,
नाहीतर एक दुसऱ्याची वाट बघत बसतं.
हे मात्र मला कळलं.
चिलोएच्या बेटावर माझ्या बापाकडे बैलजोडी होती,
एक तरणा, एक थकलेला.
नांगर थकलेल्याच्या चालीने चालायचा
आणि खांदा तरण्याचा सोलायचा.
‘अगदी तस्संच!’
तिने पेन्सिल खाली ठेवून माझ्याकडे पाहिलं.
बऱ्याच महिन्यांनी.

जकातमुक्त बाजारात मिर्कोचं दुकान.
त्याने काचेच्या कुशीचा डबा काढला, बटण दाबलं,
आत जांभळं, मग हिरवं, मग समुद्राच्या तळासारखं काहीतरी.
नायाडेत बोलेना.
मी यादी उलगडली. सगळ्यात खाली,
दिव्यांसाठी जागा करायला दाबून लिहिलेलं :
पॉवर सप्लाय, कुठलाही, स्वस्तातला.

तीस वर्षं मी भिंती उघडतोय.
वितळलेले प्लग पाहिलेत,
खिडकीपर्यंत काळी झालेली एक पोराची खोली पाहिलीय,
त्या पोराचं नाव मी घरी कधी सांगितलं नाही.
मिर्कोचा तो स्वस्त डबा हातात घेतला.
हलका.
तांबं खोटं बोलत नाही.
नाकापेक्षा मोती जड, एकवेळ चालेल,
पण नाकच पुठ्ठ्याचं?

बसमध्ये ती खिडकीकडे तोंड करून बसली.
सामुद्रधुनी राखाडी, एक जहाज जागच्या जागी.
घराच्या अलीकडच्या थांब्यावर तिने खोडरबर मागितलं.
मी कुठून आणू? तिने थुंकी लावून बोटाने पुसलं :
आधी दिवे. मग काच.
मग, बराच वेळ घेऊन, कार्ड.
खाली लिहिलं : साडेसहाशे वॅट, पाच वर्षं हमी.
माझ्याकडे न बघता.

स्वयंपाकघराच्या टेबलावर जुळणी केली.
एक स्क्रू फ्रिजखाली गेला, तो तिथेच आहे.
प्रोसेसर बसवताना तिने श्वास धरला, मीही,
आणि त्या दांडीचा करकर आवाज झाला
तेव्हा दोघांनाही वाटलं, मोडलं.
मोडलं नव्हतं.
रात्री अकराला तिने बटण दाबलं.
काही नाही.
पुन्हा. काही नाही.
लाइट गेल्यावर गिऱ्हाईक बघतं, तशी तिने माझ्याकडे पाहिलं.
मी केबल उपसल्या, लावल्या, कुठे जळका वास येतोय का हुंगलं,
आणि मग मागे, माझ्याच त्या साडेसहाशे वॅटच्या डब्यावर
छोटा काळा खटका. बंद.
तीस वर्षं!
ती इतकी हसली की आल्मा उठून आली.

पंखा फिरतो म्हणे.
वाऱ्यात मला ऐकू येत नाही.
पडद्यावर एक जुना खेळ चालतो, सगळं कमीत कमीवर ठेवून.
तिचा माणूस पूल ओलांडताना अडखळतो,
थांबतो, पुन्हा पाऊल टाकतो.
ती रागावत नाही.
आत, कार्डाच्या रिकाम्या खाचेवर,
धूळ जाऊ नये म्हणून तिने माझी इन्सुलेशन टेप चिकटवलीय,
आणि तिच्यावर पेन्सिलीने, टेपवर नीट उमटत नाही तरी,
लिहिलंय : जुलै.