बोलावणं

स्पीडपोस्टनं आलं. पाकिटावर माझंच नाव,
श्रीमती मृणालिनी मुंगी, लोकमान्य नगर, इंदूर,
आणि आत नंबर त्या गाडीचा
जी मी चार वर्षांपूर्वी विकली.

‘आपके वाहन को वापस बुलाया जा रहा है.’
आमच्या मराठीत बोलावणं माणसांना येतं,
तेही लेखी नाही.

खाली बारीक टाइपात:
ब्रेकजवळच्या डबीत ओल शिरते,
दोन तारा एकमेकींना भेटतात,
गाडी बंद असताना, किल्ली खुंटीवर असताना,
रात्री कधीही.
दुरुस्ती होईपर्यंत उघड्यावर ठेवा, इमारतीपासून लांब.

बत्तीस वर्षं बिजली बोर्डात काढली मी.
ओलीचं आणि तारेचं काय जुळतं
हे मला कंपनीनं सांगायला नको.

खरं सांगते, आधी गाडीतल्या माणसाचा विचार आला नाही.
आधी आरसी आठवली.
सियागंजचा दलाल म्हणाला होता, ट्रान्सफर हो जाएगा भाभीजी,
आप टेंशन मत लो,
आणि मी घेतलं नव्हतं.
कागदावर ती अजून माझी.
जळली तर माझी जळणार.

दलालानं राऊच्या टायरवाल्याचा नंबर दिला,
टायरवाल्यानं मेव्हण्याचा.
मेव्हण्याला नीट आठवेना.
‘सफेद थी ना? डेंटवाली?’
डेंट माझा. एम.वाय. हॉस्पिटलच्या फाटकाला,
ज्या रात्री ह्यांना नेलं.
इतक्या हातांतून गेली, कुणी काढला नव्हता.

भंवरकुआ. चार मजली हॉस्टेल, खाली खांबांमधलं पार्किंग,
मोटारसायकली हँडलात हँडल अडकवून,
आणि कोपऱ्यात ती, चाकांत हवा नाही,
आत दिवा चालू.
मागच्या सीटवर एक मुलगा, मांडीवर भूगोल.
तेजपाल डावर, आलीराजपूरकडचा,
पीएससीचा तिसरा प्रयत्न.
खोलीत सहा जण, म्हणून मालकिणीला महिना तीनशे देऊन
तो रात्री गाडीत वाचतो.
चालवता त्याला येत नाही.

पत्र त्यानं पेन्सिल घेऊन वाचलं.
‘संभावित’खाली रेघ मारली.
‘मतलब अभी पक्का नहीं न, आंटी?’

मी वर पाहिलं. खिडक्याखिडक्यांतून उजेड, दोरीवर बनियनं,
कुणीतरी मोठ्यानं कलमं पाठ करत होतं.
मोजायला लागले आणि सोडून दिलं.

दहा नंबरचा पाना कुणाच्या तरी डिकीत सापडला.
निगेटिव्ह आधी सोडवायची,
हात विसरले नव्हते.
दिवा विझला.
अंधारात पुस्तक मिटल्याचा आवाज,
मग तो, जरा वेळानं:
‘आज नदियाँ थीं. नर्मदा हो गई, ताप्ती बाकी है.’

कुठं वाचशील आता, हे मी विचारलं नाही.
विचारलं असतं तर उत्तर मलाच द्यावं लागलं असतं,
आणि माझ्या दोन खोल्यांतली एक
रिकामीच असते.

सहाही जण खाली आले, चपला न घालता.
त्यांनी ढकललं, मी स्टिअरिंगवर.
सीट अजून माझ्याच मापाला होती, किंवा मला तसं वाटलं.
रस्त्यापलीकडे मोकळा प्लॉट, मधे एक झोपलेली गाय.
‘धीरे, भिया, धीरे.’
प्लॉटकडे वळताना
सवयीनं मी डावा इंडिकेटर दिला.
अर्थात काही लागलं नाही.