बिजागरी

ओरेस्ट प्रोदान्यूक निवृत्त झाला त्या शुक्रवारी
त्यानं मला सतरा किल्ल्यांचा जुडगा दिला,
जोडीतला एकच उरलेला डावा हातमोजा
आणि तेलकट पुठ्ठ्याची एक वही.
म्हणाला, गाव म्हणजे एवढंच. बाकीचे लोक.

लोक आठशे बारा. चारी बाजूंना गहू,
गहू नसेल तेव्हा बर्फ.
सस्कॅचवानच्या नकाशावर आमच्या नावाची अक्षरं
गावापेक्षा लांब.

वहीत त्याचं किरटं अक्षर:
ग्रंथालयाची तिसरी पायरी एप्रिलात हलते. हलू दे. सिमेंट मे महिन्यात.
बागेतला नळ उलटा फिरतो, नव्या माणसाला सांगणे.
झेंड्याच्या खांबाची दोरी वाऱ्यात वाजते,
समोरच्या बाईंचा डोळा लागत नाही. रात्री बांधणे.
कर्लिंगच्या हॉलचं छप्पर, वायव्य कोपरा.
बादली कुठे आहे ते विचारू नये, शोधावी.

मार्चच्या सभेत ग्वेंडा टेव्झनं
रंगांची पुस्तिका आणली.
गावाचा चेहरामोहरा बदलायचा, म्हणाली,
हमरस्त्यावरून जाणाऱ्यानं गाडी हळू केली पाहिजे.
बाक हिरवे, हे एकमतानं.
पण कोणते हिरवे?
दीड तास पोपटी, शेवाळी, बाटलीचा.
शेवटी जो स्वस्त होता तो.

मग उन्हाळाभर मी खरवडत होते.
पोपडे नखांत, पुट्टी केसांत.
बाकावर कोरलेलं 'टी आणि आर' बुजवलं,
आठवड्यात परत कोरलं गेलं,
या वेळी 'टी आणि के'.
सार्वजनिक मालमत्तेवर नुसता रंग चढत नाही,
बातम्याही चढतात.

जुलैत दफनभूमीच्या फाटकाला वंगण घातलं.
किती वर्षांची ती करकर,
दोन थेंबांत गप्प.
स्वतःवर इतकी खूश होते
की येता-जाता उगाच उघडून पाहायची:
लोण्यातून सुरी.

पंधरवड्यानं अन्सेल्म फ्रीझन कचेरीत आला,
कुंपणावरून हात फिरवत, एकटा.
त्याचं घर फाटकासमोर. डोळे गेलेत त्याला नऊ वर्षं.
टोपी काढून काउंटरवर ठेवली
आणि विचारलं,
हल्ली कुणी येतच नाही का तिथे?
पूर्वी मंगळवारी एक यायची, दमानं, अर्धंच उघडून.
रविवारी पोरं, धाडकन.
एक जण कायम आत जायचा आणि लगेच बाहेर,
त्याला कधी धीर झाला नाही.
आता कुणीच नाही.
सगळे विसरले का एकदम?

मी काय बोलणार.
वहीचं एक्केचाळिसावं पान
बेचाळिसाव्याला ग्रीसनं चिकटलं होतं.
चाकूनं सोडवलं.
दफनभूमीचं फाटक: तेल घालू नये.
खाली दोन रेघा. कारण नाही.

बिघडलेलं नीट करायला शिकले होते मी,
नीट झालेलं बिघडवायचं कसं?
रॉकेलनं पुसलं. मिठाचं पाणी शिंपडलं,
सकाळ-संध्याकाळ, देवाला शिंपडावं तसं.
बिजागरीत चिमूटभर वाळू.
गंज काही सांगितल्या वेळेला येत नाही,
नको तेव्हा मात्र न बोलावता हजर.
ग्वेंडानं बिलावर बोट ठेवलं:
आठ किलो मीठ? ऑगस्टमध्ये?
देखभाल, म्हटलं मी.
तिनं सही केली. का केली, देव जाणे.

सप्टेंबर गेला. कापणीची यंत्रं रात्री दिवे लावून
शेतांत फिरली, परतली.
बाक अजून हिरवे होते. एक गाडी हळू झाली खरी,
पेट्रोलपंप विचारायला.

ऑक्टोबरात एका मंगळवारी
पानं गोळा करत होते मी आतल्या बाजूला.
फाटक अर्धंच उघडलं.
आवाज बारीक, घसा बसलेला,
पण आवाज.
पलीकडच्या ओसरीवर खुर्ची थांबली डुलायची.

संध्याकाळी वही काढली.
त्या दोन रेघांखाली माझ्या अक्षरात लिहिलं:
मीठ मागच्या फडताळात. लागलं तर.