दुसरी बाजू

ग्रिम्सबीत शुक्रवारी सिंगल बाजारात आली.
पाचशे प्रती. त्यातल्या चाळीस
मॅल्कमच्या आईच्या पलंगाखाली.

कव्हरवर चौघं आहेत, गोदीच्या भिंतीला टेकून.
डावीकडून तिसरा कीथ
मार्चमध्येच बँड सोडून गेला.
भांडण नाही, काही नाही.
फिशफिंगरच्या कारखान्यात पहाटेची पाळी मिळाली, एवढंच.

दुकानाकडे तो फिरकला नाही.
रात्री मोजे काढता काढता
शेजारच्या भिंतीतून झिरपलं
पहिल्या बाजूचं गाणं, मग नुसती खरखर,
मग कुणीतरी रेकॉर्ड उलटली.

दुसरी बाजू. भाड्याची वेळ संपत आली म्हणून
एका दमात उरकलेली.
दुसऱ्या कडव्याआधी ड्रम
अर्धा ठोका उशिरा पडतो.
तेव्हा सगळे म्हणाले होते,
असू दे रे, ही बाजू ऐकतंय कोण.

एक मोजा हातात, कीथ थांबला.
आला.
उशिराच आला.

पलीकडे मिसेस ब्लॅन्चर्डची धाकटी
सुई उचलून मागे नेते,
पुन्हा तीच जागा,
पुन्हा,
आणि भिंतीवर बोटांनी वाजवून बघते
चुकीसकट, अगदी बरोब्बर.