परिच्छेद एकसष्ट

निकाल आला त्या दिवशी नेपियरला वारा सुटला होता,
समुद्राकडच्या खिडक्या आम्ही लावून घेतलेल्या.
एकशे बारा परिच्छेद.
एकसष्टावा मी दोनदा वाचला:
‘खात्याने आधी तिला विचारावयास हवे होते.’
एवढंच.
न्यायमूर्तीबाईंनी वाचताना आवाजही चढवला नसेल.

आम्ही विचारलं नव्हतं.
थेट फोन कंपनीला पत्र धाडलं, कलम घातलं, शिक्का मारला,
आणि तिचं दहा महिन्यांचं बोलणं
खोक्यात भरून माझ्या टेबलावर आलं.
मेरेपेका हाएरेवा, वय एकेचाळीस, दोन मुलगे, भत्ता चालू.
संशय: घरात कुणी पुरुष राहतो.

मी पिवळं पेन घेऊन बसलो.
‘रविवारी येतोस ना? धुराडं तुंबलंय.’ पिवळं.
‘तुझा स्वेटर माझ्याकडेच राहिला.’ पिवळं, आणि समासात एक फुली.
तो तिचा चुलतभाऊ निघाला.
धुराडं खरंच तुंबलं होतं.

मग ते पहाटे दोन-चाळीसचे,
एकाच नंबरावर, उत्तर कधीच नाही:
‘आई, थोरल्याला मिसरूड फुटलं गं.’
‘आई, लिंब इतकी धरलीत यंदा, तुझी फांदी जमिनीला टेकलीय.’
नंबर कुणाचा, ते शोधणं माझं कामच होतं.
मालकीण मागच्या हिवाळ्यात वारलेली.

तिथे मी पेन टेकवलं नाही.
वाचत मात्र गेलो.
दुपारच्या कामाला तीन दिवस लावले,
हे निकालात कुठेच नाही.

आदेश: सर्व प्रती नष्ट कराव्यात.
यंत्रातून कागद शेवयांसारखे गळाले,
पिवळ्या शेवया, पांढऱ्या शेवया, दोन पोती.
‘काहीही शिल्लक नाही’ असं छापलं होतं,
त्याखाली मी सही केली.

शनिवारी सुपरमार्केटात ती दिसली.
मला ओळखत नाही, कशी ओळखेल,
माझं एक अक्षरही तिच्यापाशी नाही.
ट्रॉलीत बटाटे, पाव, मुलांसाठी काहीतरी गोड.
लिंबांच्या ढिगापाशी थबकली,
भावाची पाटी वाचून स्वतःशीच हसली
आणि एकही न घेता पुढे गेली.

का, ते मला ठाऊक होतं.

मी पाठ फिरवली,
आणि हाताला लागला त्या डब्यावरची
बारीक अक्षरं
ती दारातून जाईपर्यंत वाचत राहिलो.