येणे बाकी

शनिवारी अर्धं कुमासी काळ्या-लाल कापडात असतं.
बांतामाच्या मैदानावर तंबू, प्लास्टिकच्या खुर्च्या,
कर्ण्यावरून देणग्यांचा पुकारा,
कोणी किती सेडी दिले, कोणाच्या नावाने,
आणि मी, ओपोकु, 'गॉड्स टाइम फोटो-व्हिडिओ'चा मालक,
रडणाऱ्यांमधून, जेवणाऱ्यांमधून
कॅमेरा सांभाळत वाट काढतो.

मढ्याच्या टाळूवरचं लोणी खातो म्हणतात मला.
लोणी कुठलं!
अकरा वर्षांत बोट चाटावं एवढंही नाही.

मुलगी हिशेब शिकून आली, अजेइवा.
तीन रविवार माझ्या वह्या घेऊन बसली,
कानावर पेन्सिल, तोंडातून शब्द नाही.
मग एकदम:
"पापा, एक दिवस शूटिंग करतोस
आणि सहा रात्री ते कापत बसतोस.
त्या रात्री कुठे लिहिल्यात?
जनरेटरचं पेट्रोल कोणी भरलं?
हा 'मेहुणा, फुकट'. हे 'चर्चचे वडील, फुकट'.
आणि हे काय,
'फार रडत होती, फुकट'?"

मी म्हटलं, होती रडत.

तिने दरपत्रक छापून भिंतीला ठोकलं.
निम्मे पैसे आधी. जादा प्रत, जादा पैसे.
ड्रोन वेगळा.
आणि एक छोटा प्रिंटर घेतला, हप्त्याने,
तंबूच्या कडेलाच मांडला:
पाहुणा खुर्चीत बसला की टिपायचा,
त्याच्या वाटीतलं सूप निवायच्या आत
त्याचा फोटो त्याच्या हातात, प्लास्टिक चढवून.
मला लाज वाटत होती.
पहिल्याच शनिवारी एकाने डोळे पुसत पुसत
घासाघीस केली, आणि दोन घेतले.
चौथ्या शनिवारी प्रिंटरचा हप्ता निघाला.

पण सोमवार ते गुरुवार माशा मारायच्या.
भाडं मात्र मंगळवारचंही चढतं,
असं ती म्हणते.

अशाच एका मंगळवारी मामे दुफी आली,
सुआमेत गाड्यांचे सुटे भाग विकणारी,
डोक्यावर बोचकं, बोचक्यात तीन केंटे.
"माझ्या पोस्टरचा फोटो काढ.
बहिणीचा पाहिलास ना चौकात?
कुणाच्या तरी लग्नातून कापून काढलेली,
खांद्यावर दुसऱ्याच बाईचा हात.
मी नाही तशी लटकणार."

तिन्ही केंटे नेसून झाले.
हनुवटी वर. दिवा इकडे घे. सुरकुत्या राहू देत,
त्या कमावलेल्या आहेत, पण हा तीळ पुसून टाक.
मग पैशांचं: "आजच्या दराने देते,
मेल्यावर तुझी पोरगी भाव वाढवेल."
मी पाया पडायचा बाकी होतो.
तरी शेवटचे चाळीस तिने अडकवलेच:
"पोस्टर लागलं की घे. माझ्या मुलांकडून."

पुढच्या मंगळवारी तिच्या बाजारातल्या पाच जणी आल्या,
मग त्यांच्या वहिन्या, मग एक निवृत्त हेडमास्तर,
मेडलं लावून, बायकोला बाहेर बसवून.
जिवंत गिऱ्हाइकं! हसतात,
एकमेकींना टोमणे मारतात: तू आधी, नाही तू.
अजेइवाने भिंतीवर नवी ओळ ठोकली,
'मंगळवार: ज्येष्ठांसाठी खास',
आणि वर्षाअखेरी पहिल्यांदाच
बेरजेखाली लाल शाई नव्हती.

मामे दुफी दर वर्षी येते.
"तो जुना फाड. त्यात मी आजारी दिसते."
नवे पैसे, नवा फोटो,
आणि जुने चाळीस तसेच.

काल अजेइवा पेन्सिल टेकवून म्हणाली,
सगळी उधारी वसूल झाली, ही एकच येणे बाकी.
सात वर्षं! कधी मिळणार?

मी म्हटलं, पुढच्या पानावर ओढ.
तिने वर पाहिलं,
मग पट्टी घेऊन नवीन पानावर रेघ मारली
आणि पहिल्या ओळीत लिहिलं, चाळीस.